दोन घमेली वाळू

जाईला फक्त दोन घमेली वाळू हवी होती. हे वाक्य तिने त्या उन्हाळ्यात इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी शेवटी ते तिला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. शेजाऱ्यांना सांगितलं, दूध संस्थेच्या चेअरमनला सांगितलं, कचेरीत सांगितलं, आणि घरासमोर पंचनामा चालू असताना तर अशा काही घरंदाज आवाजात सांगितलं, की लिहून घेणाऱ्या तलाठ्याने मान वर करून विचारलं, "मॅडम, हे जबाबात घ्यायचं, का असंच बोलताय?"

वाळू हवी होती रांजण बसवायला. रांजण हवा होता पाणपोईला. आणि पाणपोई हवी होती आईला, असं जाईचं ठाम मत होतं. आईला याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पण उपचार करताना रोग्याला विचारत बसलं तर जगातली निम्मी शास्त्रं बंद पडतील.

शास्त्र जाईचं स्वतःचं होतं. बीडच्या एका बी.एड. कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची. 'ताण आणि त्याचे समायोजन' हे प्रकरण तिच्या हाताला इतकं बसलं होतं, की फळ्याकडे न बघता ती आकृती काढत असे. मध्ये माणूस, डावीकडे प्रश्नाला भिडण्याचे उपाय, उजवीकडे भावनेला भिडण्याचे. मागच्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात ही आकृती काढून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी हात वर केला होता. "समदं पटलं, मॅडम. पण तुमी सोता काय करता?"

"वाचन," जाई म्हणाली. गुरुजींनी ते उतरवून घेतलं. आपण काहीतरी अपुरं सांगितलं असं जाईला वाटलं, पण तेवढ्यात चहा आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णा गेले.

अण्णा म्हणजे जाईचे वडील, माणिकराव. गावच्या दूध उत्पादक संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी उभी हयात काढली. दुधाचं फॅट मोजायचं आणि शिव्या खायच्या, असं त्या कामाचं थोडक्यात स्वरूप. रोज सकाळी कुणीतरी ओरडत यायचं, "माझ्याच म्हशीचं दूध पातळ कावून?" अण्णा त्यावर वाद घालत नसत. टेबलाखालच्या माठातून एक मोठा पितळी पेला भरून पुढे करत आणि म्हणत, "आधी पाणी." दुधात पाणी घातल्याचा संशय असलेल्या माणसाच्या हातात पाण्याचाच पेला देणं हा टोमणा आहे की पाहुणचार, हे संस्थेच्या एकाही सभासदाला कधी ठरवता आलं नाही. पेला इतका मोठा होता, की एका दमात संपत नसे. समोरचा पीत असताना अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत नसत. रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाकडे बघत. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला की मान वळवत आणि म्हणत, "हं. आता बोला." तोवर बोलण्यासारखं बरंच कमी झालेलं असे.

निवृत्त झाले तेव्हा संस्थेने शाल, नारळ आणि तो पेला दिला.

अण्णा गेल्यावर जाईने सगळं पार पाडलं. दुष्काळात तेराव्याच्या पंगतीला पाणी पुरवणं म्हणजे लग्न लावून देण्यापेक्षा अवघड. तिने टँकर मिळवला, मंडप मिळवला, आलेल्या प्रत्येकाला चहा मिळेल असं पाहिलं. रडायला म्हणून तिला वेळ झाला नाही. बायका एकमेकींत म्हणाल्या, "पोरगी लई खंबीर." जाईने ते प्रशस्तिपत्रासारखं ठेवून घेतलं आणि बीडला परतली. तिथे रात्री पुस्तक उघडून बसायची. पुस्तक चांगलं होतं, पण त्याचं पान काही उलटत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आईकडे राहायला आली आणि तिला ती गोष्ट दिसली. रोज सकाळी आई, म्हणजे केशरबाई, तो पितळी पेला काठोकाठ भरायच्या, ओट्यावर अण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायच्या, आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटायच्या. पाण्याचा टँकर आठवड्यातून कधीतरी येणाऱ्या गावात एक भरलेला पेला रोज गेलेल्या माणसापुढे. जाईने हे दाराआडून पाहिलं, पुरतं न बघताच आत आली आणि पुण्याला भावाला फोन केला. फोनवर ती 'नकाराची अवस्था' असं म्हणाली. शास्त्रात हा शब्द अगदी साधा आहे. पण गहिनीनाथ मोटारींच्या कारखान्यात यंत्रं सांभाळणारा माणूस. त्याला तो शब्द यंत्र बंद पडल्यासारखा ऐकू आला.

"मग तिला एकटीला ठेवायचं कशाला?" तो म्हणाला. "आखितीला येतोच आहे. अण्णांची केळी पुजू आणि तिला घेऊनच निघू. घराला कुलूप."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. माणूस गेल्यावरची पहिली आखिती मोठी. मातीचं नवं मडकं, म्हणजे केळी, भरून त्याच्या नावाने पुजायचं, आंबा ठेवायचा, आणि ते गार पाणी कुणाला तरी द्यायचं. म्हणजे ते गेलेल्याला पोचतं, अशी समजूत. जाई या समजुतीच्या बाजूने नव्हती आणि विरोधातही नव्हती. तिला एवढंच कळलं, की आपल्या एका शब्दामुळे आईचं घर बंद व्हायची वेळ आली, आणि आखितीच्या आत काहीतरी करून आई ठणठणीत आहे हे गहिनीनाथला दाखवायला हवं.

उपाय तिच्या आकृतीतच होता. निरर्थक सवयीला अर्थपूर्ण कामाकडे वळवावं. आईला पाणी भरून ठेवायचंच आहे ना, मग अण्णांच्या नावाने पाणपोई काढू. दारात एक रांजण, त्यावर झाकण, साखळीला बांधलेला पेला. तिने आईला ही योजना समजावून सांगितली. केशरबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन विटांवर ठिव. ओलं पोतं गुंडाळ. झालं."

हे वाक्य त्यानंतर कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, कारण तेवढ्यात आप्पा आले.

आप्पा शेजारचे. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. माणूस गोड, पण मनाला लागेल असं काही घडलं की आप्पा गाड्या सोडायला लागत. बायको गेली तेव्हा वर्षभर पहाटे त्यांच्या घरातून आवाज यायचा, "बीड, गेवराई, शहागड, पाचोडमार्गे औरंगाबादला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." गल्लीतल्या कुणी कधी त्यांना थांबवलं नाही. परगावचे पाहुणे मात्र दोनदा पिशवी घेऊन बाहेर आलेले आहेत.

"विटांवर?" आप्पा म्हणाले. "जाईबाई, रांजण वाळूत बसल्याबिगर त्याला गारवा येत न्हाई. अर्धा वाळूत पाहिजे. आमच्या स्टँडावर बारमाही वाळूतच होता."

जाईने बाष्पीभवनाबद्दल कुठेतरी वाचलं होतं. तिला पटलं. किती लागेल? दोन घमेली.

गोदावरी तिथून काही फार लांब नाही. रात्री वाळूचे ट्रक घरांची तावदानं हलवत जातात, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण दिवसाउजेडी बांधकाम साहित्याच्या दुकानात जाऊन जाईने 'वाळू' असा स्वच्छ उच्चार केल्याबरोबर दुकानदाराने गल्ला बंद केला. "हळू बोला, मॅडम. किती ट्रॉल्या?"

"दोन घमेली."

त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. आपली थट्टा चालली आहे, की ही साध्या वेशातली धाड आहे, याचा तो अंदाज घेत असावा. मग म्हणाला, "आमच्याकडं फकस्त शिमिट मिळतं."

दुसरी बाई असती तर एखाद्या बांधकामाच्या कडेने पदराआड वाळू घेऊन आली असती. पण जाई माणिकरावांची लेक. ती रीतसर तहसील कचेरीत गेली आणि अर्ज लिहिला. अर्ज फार सुरेख उतरला होता, 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ तृषार्तांसाठी' अशी सुरुवात होती. टेबलापलीकडच्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"घरकुल मंजूर हाय का?"

"नाही. रांजण बसवायचा आहे."

"रांजण घरकुलात बसत न्हाई. संडासाच्या योजनेत पण न्हाई बसत. किती ब्रास?"

"दोन घमेली."

त्याने कागदावर भागाकार मांडला, दशांशचिन्हानंतर बरीच शून्यं आली, आणि त्याने पेन ठेवून दिलं. मग तो आपुलकीने पुढे वाकला. "ताई, एक सांगू का? अर्ज दिला नसता तर भागलं असतं. आता अर्ज आला म्हंजी तुमी वाळू आणणार, हे आमाला कळलं. आता आणू नका."

ही हकिगत संध्याकाळपर्यंत दूध संस्थेत पोचली. बद्रीनाथ चेअरमन हळहळले. जनावरं चारा छावणीत गेल्यापासून संस्थेत दूध जवळजवळ बंदच होतं, त्यामुळे हळहळायला सवडही होती. "आमच्या सचिवसाहेबांच्या लेकीनं वाळूपायी कचेरी चढावी?" असं म्हणून त्यांनी कुणाला तरी काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एक ट्रॅक्टर आला, त्याने जाईच्या दारात ट्रॉली उलटी केली आणि आला तसा गेला. जाई बाहेर येऊन पाहते तो फाटक अर्धं झाकून टाकणारा वाळूचा ढीग. त्याच्यावर एक कोंबडी आधीच बसली होती.

दुपारी कचेरीचं पथक आलं. अर्जामुळे पत्ता शोधावा लागला नाही.

तलाठ्याचं नाव सुग्रीव. तरुण, घामाघूम, आणि मनाने सज्जन. वाळू कुणी टाकली, हे जाईला माहीत नव्हतं. फोनवर विचारल्यावर चेअरमन म्हणाले, "कसली वाळू? वैनीला नमस्कार सांगा." तेव्हा टेप लावून ढीग मोजण्यात आला. पंच म्हणून आप्पांनी सही केली आणि दुसऱ्या पंच म्हणून समोरच्या ताराबाईंनी अंगठा दिला. ढीग उचलून न्यायला कचेरीकडे गाडी नव्हती. म्हणून जप्त केलेली वाळू 'जशीच्या तशी सांभाळण्याच्या' अटीवर जाईच्याच ताब्यात देण्यात आली. थोडक्यात, जिला दोन घमेली मिळत नव्हती तिच्या दारात आता ट्रॉलीभर वाळू होती, आणि तिला त्यातली चिमूटभरही घेता येत नव्हती.

"आखितीला येऊन मोजून जातो," सुग्रीव म्हणाला. "त्या दिवशी सण असतो, पण आमाला सुट्टी न्हाई."

रांजण आला होता. तो व्हरांड्यात आडवा पडून होता, आणि मांजर त्यात झोपत होतं.

त्यानंतर जाई ढिगाची राखण करू लागली. फाटकात खुर्ची, मांडीवर तेच पुस्तक, डोक्यावर छत्री. विद्यापीठात जिने प्रबंध सादर केला होता त्या बाईला आता रस्त्याने जाणारे विचारायचे, "काय भाव लावला, ताई?" तरी ढीग कमी होत होता. आप्पांनी कुंड्यांना थोडी नेली. कुंड्यांत काही उरलं नव्हतं, पण कुंड्या उभ्या राहाव्यात म्हणून. कुणी शेंगा भाजायला नेली. कोंबड्यांनी आपल्या परीने पसरली. आणि ताराबाई रोज दुपारी येऊन सरळ घमेलं भरायच्या.

एके दिवशी जाईचा तोल गेला. "ताराबाई, तुम्ही पंच आहात. तुमचा अंगठा आहे त्यावर."

"अंगठा हाय म्हणून तर हक्कानं नेते," ताराबाई म्हणाल्या. मग जाईचा चेहरा पाहून त्या घमेलं खाली ठेवून बसल्या. "अगं माय, पाण्यानं भांडी घासायचे दिस हायेत का हे? वाळूनं घासते आन् फडक्यानं पुसते. आन् घासल्याबिगर मला सुचत न्हाई. पोरगा ऊसतोडीला गेला, भांडी घासली. माणिकभाऊ गेले त्या रोजी तर मी तुमची, आमची, आप्पांची, समद्यांची घासली. घासूस्तोर डोळ्याला पदर लावायचा न्हाई, असा माझा नेम हाय. भांडं लखलखलं की मग बसायचं रडत." त्यांनी जाईकडे पाहिलं. "तुला गं काय केल्यावर सुचतंय?"

हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जात होता. जाईने मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि 'वाचन' हा शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही.

"वाळू परत आणून ठेवा," ती म्हणाली. ताराबाई घमेलं तिथेच टाकून निघून गेल्या. त्या दिवशी समोरून भांड्यांचा आवाज आला नाही. जाईला तो आवाज नसल्याचा दिवसभर त्रास झाला. पण आपण राज्यशासनाच्या वतीने वागलो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

आखिती उजाडली. केशरबाईंनी पहाटे उठून पुरण वाटलं, केळी भरली, तिच्या गळ्याला दोरा बांधला, वर आंबा ठेवला. गहिनीनाथ दहाच्या सुमारास पुण्याहून आला. त्याने पूजा केली, आईच्या पाया पडला, आणि वाकलेल्या अवस्थेतच आत बॅग भरलेली आहे का ते पाहिलं. भरलेली नव्हती. तो काही बोलणार, तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

बद्रीनाथ चेअरमन पाणपोईच्या उद्घाटनाला आले होते. बरोबर चार संचालक, नारळ, आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सवर चेअरमन हात जोडून उभे होते. संचालक ढगांमध्ये तरंगत होते. आणि खालच्या कोपऱ्यात अण्णा. अण्णांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता. छपाईवाल्याने तो आपल्या मनाने चढवला होता. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात फेटा अर्ध्या वाटेत काढून मांडीवर घेतला, तो आता गुलाबी फेट्यात कडेला उभा राहून स्वतःच्या पाणपोईला शुभेच्छा देत होता.

"पाणपोई कुठंय?" चेअरमननी विचारलं.

रांजणातून मांजर बाहेर आलं.

"आधी हा फ्लेक्स खाली घ्या," जाई म्हणाली.

"अहो, ह्याच्यावर संस्थेचा खर्च पडलाय."

"अण्णांनी जन्मात असला फेटा घातला नाही."

"मान म्हणून घातलाय. उतरवायचा कसा आता? छापलाय."

याच क्षणी सुग्रीव तलाठी मोटारसायकलवरून उतरला आणि त्याने ढिगाला टेप लावला. एकदा लावला, दोनदा लावला. मग कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, साठा निम्मा हाय. मला हे वर कळवावं लागंल. तुमी ताबा घेतलाय."

"मी खाल्ली नाही वाळू."

"खाल्ली असं मी कुठं म्हणतो?"

"पंचांनी नेली," कुणीतरी गर्दीतून म्हणालं. तोपर्यंत गल्ली जमली होती. ताराबाई पुढे आल्या. "मी नेली. भांड्याला नेली. काय करता?" चेअरमन म्हणाले, वाळूशी संस्थेचा संबंध नाही. संबंध आहे का असं कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे सुग्रीवने आता त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेअरमन तापले. गहिनीनाथ मध्ये पडला आणि म्हणाला, "बघितलंस ना, ताई? म्हणून म्हणतो, हे घर बंद करू. आईला हे झेपणार नाही." जाई त्याच्यावर उलटली. "तुला काय झेपलं? तू तेराव्याच्या दिवशी मोटार सुरू ठेवून जेवलास." ते खरं नव्हतं, मोटार बंद होती. पण गहिनीनाथचा चेहरा पडला आणि मग चढला. आप्पांनी भिंतीला टेकून हळूच गाडी सोडायला सुरुवात केली. "बीड, गेवराई, शहागड..."

केशरबाई दारात आल्या. काखेत आखितीची केळी होती. आंबा काढून ठेवला होता. हातात पितळी पेला. त्या पायऱ्या उतरून आल्या, पेला भरला आणि सर्वांत मोठ्या आवाजात बोलत असलेल्या माणसापुढे धरला. ते चेअरमन होते.

"आधी पाणी."

चेअरमननी तोंड मिटलं. त्यांनी तो पेला ओळखला होता. पूर्वी याच माणसाने फॅटवरून टेबलावर मूठ आपटली होती आणि याच पेल्यातलं पाणी पिऊन तो घरी गेला होता. "वैनी, आज ते..."

"त्येंच्याच नावाचं हाय. प्या."

गेलेल्या माणसाच्या नावचं पाणी कुणी नाकारत नाही. चेअरमन प्याले. मग सुग्रीव प्याला. भर उन्हातून आलेला, दुसरा पेलाही प्याला. ताराबाई प्याल्या, संचालक प्याले. गहिनीनाथने पेला हातात घेतला आणि बराच वेळ प्यायलाच नाही, नुसता धरून उभा राहिला. मग सगळा संपवला आणि ढिगावर बसला. आप्पा शहागडला थांबले होते. पाणी पिऊन त्यांनी पुढची गाडी सोडली नाही.

केशरबाई प्रत्येक वेळी संस्थेसमोरच्या कडुलिंबाकडे बघत होत्या. इथून तो दिसत नव्हता. त्या त्या दिशेने बघत होत्या.

पाणी झालं. चेअरमननी संचालकांना खूण केली आणि फ्लेक्स अण्णांच्या बाजूने गुंडाळायला सांगितला. ताराबाई घरात गेल्या आणि घमेलंभर वाळू आणून ढिगावर ओतली. मग आप्पांनी कुंड्या रिकाम्या केल्या. मग एकेक जण घरी जाऊन येऊ लागला. लाजेखातर माणूस देतो ते मोजून देत नाही. कुणी जुन्या बांधकामाची उरलेली आणली, कुणी अंगणातली मातीच आणली. सुग्रीवने पुन्हा टेप लावला, आकडा पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा घोर दिसला. "मॅडम, आता जास्ती भरतीय." त्याने थोडा विचार केला, पेल्याकडे एकदा पाहिलं, आणि मागच्या वेळी टेप आपणच तिरका धरला असावा, असं ठरवून टाकलं.

गहिनीनाथ म्हणाला, "आई, तू रोज सकाळी अण्णांसाठी पाणी ठेवतेस म्हणे. ताई सांगत होती."

"त्येंच्यासाठी?" केशरबाईंना नवल वाटलं. "त्येंला कशाला? माझ्यासाठी ठिवते."

"उभा जन्म भांडाया तोंड उघडलं की पेला पुढं. संस्थेतला येगळा, घरातला येगळा, पर तऱ्हा एकच. एक भांडण म्हणून धड होऊ दिलं न्हाई त्या माणसानं. आन् आता न विचारता निघून गेला. रोज उठल्याबरूबर असा राग येतोय मला त्येंचा, काय सांगू. मग पेला भरते, खुर्चीम्होरं बसते, काय बोलायचं ते बोलते, आन् पिऊन टाकते. संपंस्तोर उतरतोय. मग चहा ठिवते." त्या जाईकडे वळल्या. "तुला काय वाटलं, मला येड लागलं?"

जाईला जे वाटलं होतं त्याला शास्त्रात एक शब्द होता. तो तिने उच्चारला नाही.

"मग पुण्याला?" गहिनीनाथने विचारलं, पण आता त्याचा आवाज विनंतीचा होता.

"येईन की. आठ दिस पाव्हणी म्हणून. घराला कुलूप कशापायी? ही गल्ली हाय की ध्यान द्याया." हे म्हणताना त्यांनी वाळूच्या वाढलेल्या ढिगाकडे पाहिलं. आपल्यामागे गल्ली कसं ध्यान देते, याचा तो पुरावाच होता.

(रांजण पुढे बसला. तीन विटांवर, ओलं पोतं गुंडाळून. पाणी उत्तम गार होतं. वाळू पावसाळ्यापर्यंत तिथेच होती. ती नेण्याचा हुकूम अजून निघायचा आहे.)

पांगापांग सुरू झाली. जाई मात्र फाटकात उभीच होती, कुणी काय नेलं, काय आणलं, भावाची क्षमा कशी मागायची, याची मनात जुळवाजुळव करत. केशरबाईंनी केळी तिरकी केली. तळाशी एका पेल्याइतकं उरलं होतं.

"मला नको," जाई म्हणाली. "आधी हे सगळं निस्तरू दे."

"आधी पाणी."

तिने पेला घेतला. तो हातात धरल्यावर तिला कळलं, की या पेल्यातून ती कधीच प्यायली नव्हती. तो तक्रार घेऊन आलेल्यांसाठी होता, आणि अण्णांविषयी तिची तक्रार कधी नव्हती. निदान ते असेपर्यंत नव्हती. पाणी मातीच्या वासाचं होतं. तिने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. पेल्याच्या मध्यावर कुठेतरी तिचे खांदे हलायला लागले, आणि थांबेनात. ती पेला तोंडाला तसाच लावून रडली, कारण तो काढला तर चेहरा दिसला असता.

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. गहिनीनाथ वाळूत बोटांनी काहीतरी करत राहिला. सुग्रीव टेप गुंडाळत होता, तो गुंडाळून झाला होता तरी. चेअरमन जीपपाशी जाऊन उगीचच टायर बघत होते. समोरून भांड्यांचा आवाज यायला लागला. केशरबाई त्यांच्या त्या दिशेला बघत उभ्या होत्या, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.

बराच वेळ लागला. पण पेला संपवायचा असतो. जाईने तो संपवला आणि पायरीवर ठेवला. पितळेचा आवाज झाला.

केशरबाईंनी मान वळवली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बोल."